रिॲलिटी शो संपल्यावर येणारा लेबलचा करार: सहीआधी काय तपासायचं

अंतिम फेरी झाली की पुढचे काही महिने गायकाचा फोन थांबत नाही. करार याच काळात येतात आणि घाईघाईत सह्याही याच काळात होतात. लेबलला, म्हणजे गाणी काढणाऱ्या म्युझिक कंपनीला, तुमचा आवाज आवडलेला असतोच, पण त्याला खरी किंमत असते ती या घडीला घराघरांत असलेल्या तुमच्या ओळखीची. पुढच्या सीझनचे प्रोमो सुरू झाले की ती ओळख ओसरू लागते, हे लेबल पुरतं ओळखून असतं. त्यामुळे त्यांचा हिशोब सरळ असतो. आज थोडक्या पैशांत लांबची मुदत लिहून घ्यायची, गाणं चाललं तर मुदत वाढवायची आणि नाही चाललं तर फाइल बंद ठेवायची. फाइल बंद राहिली तरी गायक बांधलेलाच राहतो. पडलेल्या गाण्यापेक्षा हे बांधलेपण जास्त महाग पडतं. म्हणून वाटाघाटीत मानधनाच्या आकड्याआधी मुदत आणि सुटकेची वाट यांवर बोला.

आधी शोचा कागद बाहेर काढा

बहुतेक स्पर्धकांकडे शोच्या कराराची प्रत नसते. निवडीच्या धावपळीत पंधरा-वीस पानांवर सह्या होतात आणि कागद निर्मात्यांकडे राहतो. लेबलशी बोलणं सुरू करण्याआधी ही प्रत ईमेलने, लेखी मागा. नुसत्या फोनवरच्या विनंतीचा पुरावा राहत नाही.

प्रत हाती आली की तीन गोष्टी शोधा. पहिली, शोमधल्या गायनाचे हक्क. ते जवळपास नेहमी वाहिनीकडे किंवा निर्मिती संस्थेकडे असतात. म्हणून स्वतःच्याच गाण्याची क्लिप स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकली तरी क्लेम (हक्काचा दावा) किंवा स्ट्राइक (कॉपीराइटभंगाची कारवाई) येतो. दुसरी, मॅनेजमेंटचं कलम. शो संपल्यानंतर ठरावीक काळ तुमचे कार्यक्रम, जाहिराती आणि रेकॉर्डिंग आमच्यामार्फतच, असं ते म्हणतं. तिसरी, रेकॉर्डिंगचा पहिला हक्क, म्हणजे वाहिनीच्या किंवा तिच्या भागीदार लेबलच्या नकाराआधी तुम्ही दुसरीकडे जायचं नाही.

या तिन्हींच्या तारखा एका कागदावर मांडा. इथे हमखास चूक होते, कारण मुदत सहीच्या दिवसापासून मोजली जाते असं गायक धरून चालतो. अनेक करारांत ती शेवटच्या भागाच्या प्रक्षेपणापासून सुरू होते. ऑडिशनच्या वेळी सही केली असेल तर या दोन तारखांत कित्येक महिन्यांचं अंतर पडतं.

मॅनेजमेंटच्या कलमात कमिशन कशावर आहे ते पाहा. एकूण बिदागीवर असेल तर वादकांचे पैसे, प्रवास आणि साउंडचा खर्च तुमच्या वाट्यातून जातो. हे खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर कमिशन मागा. तुम्ही स्वतः मिळवलेल्या कार्यक्रमांवरही ते लागू आहे का, हेही वाचा.

मॅनेजमेंट आणि लेबल एकाच घरचं असेल तर जास्त सावध राहा. तुमच्या बाजूने घासाघीस करणारा माणूस समोरच्याच कंपनीचा पगारदार असतो. ‘अमेरिकन आयडॉल’चा 2012 चा विजेता फिलिप फिलिप्स याने 2015 मध्ये कॅलिफोर्नियाच्या लेबर कमिशनरकडे आपली मॅनेजमेंट कंपनी 19 एंटरटेनमेंट हिच्याविरुद्ध तक्रार केली, तिच्यात हितसंबंधांचा हाच मुद्दा होता.

आता मुदत संपल्यानंतरही लागू राहणारा ‘पहिला हक्क’. करार संपला तरी दुसऱ्याची ऑफर आधी आम्हाला दाखवायची, अशी अट असेल तर ती बहुधा टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं मॅनेजमेंट पाहणारी कंपनी पर्सेप्ट डी’मार्क यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम 27 खाली व्यवसायावरचं बंधन म्हणून अग्राह्य धरली. मात्र करार चालू असतानाचं एक्स्क्लुझिव्हिटीचं, म्हणजे फक्त त्यांच्यासाठीच गाण्याचं, बंधन ही वेगळी गोष्ट आहे. ते न्यायालयं सहसा मान्य करतात. दोन्हींची गल्लत करून मुदत चालू असतानाच दुसरीकडे गायलात तर मनाई हुकूम येऊ शकतो.

हे सगळं आधी तपासायचं कारण लेबलच्या करारात असतं. ‘मी कोणत्याही अन्य बंधनात नाही’ अशी हमी तुम्ही त्यात देता आणि ती खोटी ठरल्यास लेबलचं नुकसान भरून देण्याचीही जबाबदारी घेता. शोवाल्यांनी लेबलला नोटीस पाठवली तर लेबल आपल्या वकिलाचं बिल तुमच्याकडे सरकवतं. म्हणून शोच्या कंपनीचं ना-हरकत पत्र आधी घ्या आणि त्यावर गाण्याचं किंवा लेबलचं नाव लिहून घ्या.

सिनेमाचं गाणं वगळलं आहे का?

भारतात गायकाची कमाई आणि नाव आजही मोठ्या प्रमाणात पार्श्वगायनातून येतं. सिनेमाचे संगीतहक्क निर्माता एका लेबलला विकतो: आज टी-सीरिजला, उद्या झी म्युझिकला, परवा सोनी, सारेगामा किंवा टिप्सला. तुम्ही एका लेबलशी सर्व प्रकारच्या रेकॉर्डिंगसाठी बांधले गेलात तर बाकीच्या लेबलांकडे गेलेल्या सिनेमांचे संगीतकार तुम्हाला बोलावताना बिचकतात. परवानगीपत्रासाठी कोण थांबणार? तेवढ्या वेळात दुसऱ्या गायकाचा आवाज डब होऊन जातो.

म्हणून एक्स्क्लुझिव्हिटी फक्त सिनेमाबाहेरच्या स्वतंत्र गाण्यांपुरती ठेवा. सिनेमा, वेब सीरिज, मालिकांची शीर्षकगीतं, जिंगल आणि भक्तिगीतं वगळल्याचं नावं घेऊन लिहा. ‘लेबलच्या पूर्वपरवानगीने’ एवढं लिहून आलं तर पुढे जोडा: सात दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असं समजावं.

लेबल याला सहज तयार होत नाही. त्यांचं म्हणणं असतं की आम्ही खर्च करून चेहरा उभा करायचा आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा का. त्यात तथ्य आहे. अशा वेळी आपल्या गाण्याच्या प्रदर्शनाआधीचे आणि नंतरचे काही आठवडे दुसरं स्वतंत्र गाणं आणणार नाही, एवढी सवलत द्या. त्यांची खरी गरज तेवढीच असते.

2005 मध्ये ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता अभिजीत सावंत याचा अख्खा अल्बम त्याच वर्षी बाजारात आला. आज बहुतेक ऑफर एका गाण्याच्या किंवा तीन ते पाच गाण्यांच्या असतात. त्याच 2005 मध्ये ‘फेम गुरुकुल’ न जिंकलेला अरिजित सिंग देशभर पोचला तो 2013 च्या सुमाराला, आणि तोही सिनेमाच्या गाण्यातून. शोनंतरच्या पहिल्या वर्षातच सगळं उरकायचं असतं, ही समजूत लेबलच्या फायद्याची आहे.

मुदत दिनांकात मोजा, गाण्यांत नाही

‘पाच गाणी पूर्ण होईपर्यंत’ हे वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण गाणं ‘पूर्ण’ कधी होतं? बहुतेक मसुद्यांत लेबलने ते व्यावसायिकदृष्ट्या समाधानकारक म्हणून स्वीकारल्यावर. त्यांनी स्वीकारलंच नाही तर मुदत संपत नाही. म्हणून दोन्ही टोकं बांधा: बारा महिने किंवा तीन गाणी, यांतलं जे आधी होईल ते. स्वीकाराचा निकष तांत्रिक ठेवा, म्हणजे ठरलेल्या फॉरमॅटमधली, मिक्सिंगयोग्य व्होकल फाइल. ती दिल्यावर पंधरा दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर गाणं स्वीकारलं गेलं.

मुदत वाढवण्याचा पर्याय लेबलच्याच हातात असतो, तुमच्या नाही. त्याला तीन अटी जोडा. तो मुदत संपण्याआधी किमान तीस दिवस लेखी कळवूनच वापरायचा. तो वापरताना आगाऊ रक्कम आधीपेक्षा जास्त द्यायची. आणि आधीच्या मुदतीतलं किमान एक गाणं खरोखर प्रदर्शित झालेलं असलं पाहिजे. शेवटची अट सर्वात मोलाची आहे.

प्रदर्शनाची हमी वेगळी मागा. गाणं स्वीकारल्यापासून सहा महिन्यांत ते प्रमुख स्ट्रीमिंग सेवांवर आलं नाही तर तीस दिवसांची नोटीस देऊन हक्क परत मिळावेत, अशी अट घाला. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19(4) नुसार हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर त्या हक्कांचं हस्तांतरण रद्द होतं, मात्र करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून लेबलच्या मसुद्यात बहुधा मागच्या पानांवर एक ओळ असते: कलम 19(4) लागू होणार नाही. ती शोधा आणि खोडायला लावा. कलम 19(5) आणि 19(6) यांचंही तसंच. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असं कायदा मानतो. लेबलचा वकील या जागा रिकाम्या सोडत नाही, तिथे ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ लिहितो.

टक्का नव्हे, तो कशावर आणि कधी

एका गाण्याच्या ऑफरमध्ये बहुधा एकरकमी मानधन असतं, रॉयल्टी नसते. ते दर वेळी वाईट नसतं. नवीन गायकाच्या बहुतेक गाण्यांना वसुली होऊन वर काही उरेल इतकं उत्पन्नच येत नाही, त्यामुळे हातात आलेली रक्कम कागदावरच्या वाट्यापेक्षा बरी. पण एकरकमी घ्यायचं तर बंधनही तेवढ्या एका गाण्यापुरतंच हवं. एकाच वेळचे पैसे आणि तीन वर्षांची एक्स्क्लुझिव्हिटी असा सौदा नाकारा.

रॉयल्टी असेल तर खर्चवसुलीचं कलम पेन्सिल घेऊन वाचा. समजा रेकॉर्डिंगवर दीड लाख, व्हिडिओवर चार लाख आणि प्रसिद्धीवर दीड लाख, असे लेबलचे सात लाख खर्च झाले. तुमचा वाटा 15 टक्के. गाण्याने लेबलला निव्वळ दहा लाख मिळवून दिले. आता दोन पद्धती. पहिल्या पद्धतीत उत्पन्नातून खर्च वजा करून उरलेल्याचा वाटा मिळतो: तीन लाखांचे 15 टक्के, म्हणजे 45 हजार. दुसऱ्या पद्धतीत सगळा खर्च तुमच्या वाट्यातून वसूल होतो: दहा लाखांचे 15 टक्के म्हणजे दीड लाख, त्यातून सात लाख वजा, म्हणजे तुमच्या खात्यावर साडेपाच लाख उणे. लेबल तीन लाखांनी फायद्यात आहे आणि तुम्ही अजून देणेकरी. दुसऱ्या पद्धतीत तुम्हाला पहिला रुपया दिसायला गाण्याने सुमारे 46 लाख 67 हजार कमवायला हवेत. टक्का दोन्हीकडे तोच आहे.

म्हणून पहिली पद्धत मागा. ती मिळाली नाही तर व्हिडिओचा निम्माच खर्च वसुलीला धरायचा, प्रसिद्धीचा अजिबात नाही आणि ठरलेल्या आकड्यावरचा खर्च तुमच्या लेखी संमतीशिवाय नाही, एवढं तरी मिळवा. एका गाण्याची तूट दुसऱ्या गाण्याच्या कमाईतून वळती करायची नाही, हेही लिहा. नाहीतर चाललेलं गाणं पडलेल्या चारांचं कर्ज फेडत बसतं. आगाऊ रक्कम कोणत्याही स्थितीत परत करावी लागणार नाही, हे वाक्य नसेल तर घाला.

‘निव्वळ उत्पन्न’ची व्याख्याही तपासा. यूट्यूबच्या जाहिराती, स्ट्रीमिंग, रील्समधला वापर, कॉलर ट्यून आणि जाहिरातीला दिलेला परवाना, सगळं नाव घेऊन आलं पाहिजे. व्याख्येवर किती पैसे अवलंबून असतात याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. आयडॉलच्या गायकांची रेकॉर्डिंग करणाऱ्या 19 रेकॉर्डिंग्जने 2014 मध्ये न्यू यॉर्कला सोनी म्युझिकवर दावा लावला. त्यातला एक मोठा मुद्दा असा की स्ट्रीमिंगचं उत्पन्न ‘विक्री’ धरायचं, की जास्त वाटा असलेलं ‘प्रसारण’.

हिशोब दर सहा महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा तुमच्या सीएला हिशोब तपासायची मुभा. तफावत दहा टक्क्यांहून जास्त निघाली तर तपासणीचा खर्च लेबलचा. हे कलम प्रत्यक्ष वापरण्याची वेळ क्वचितच येते, पण ते असलं की हिशोब वेळेवर येतात.

रकमा ‘जीएसटी वगळून’ लिहा. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते, आणि तेव्हा हा शब्द नसेल तर कर तुमच्या मानधनातून जातो. कापलेला टीडीएस खरोखर भरला गेला का, तेही आयकराच्या पोर्टलवर पाहत जा.

मास्टर, शब्द, सूर आणि आवाज

चार वेगवेगळे हक्क एकाच वाक्यात देऊन टाकले जातात. ते सुटे करा.

ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा मालक ते तयार करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता असतो. खर्च आणि जुळवाजुळव लेबलने केली असेल तर मास्टर त्यांचं, त्यावर वाद घालून फारसं हाती लागत नाही. पण स्टुडिओ, वादक आणि मिक्सिंग तुम्ही केलं असेल तर मास्टर विकू नका, पाच ते सात वर्षांचा परवाना द्या. आणि त्यासाठी वादक व अरेंजर (वाद्यसंयोजक) यांच्याकडून लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. अरेंजरचा कागद नसल्यामुळे चांगली ऑफर महिनोन्‌महिने अडकते.

गाणं तुम्ही लिहिलं किंवा स्वरबद्ध केलं असेल तर 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम 18 तुमच्या बाजूने आहे. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. सोडल्याचं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. नुसत्या गायनाला हे संरक्षण थेट दिलेलं नाही. गायकाचा आधार कलम 38 आणि 38ए, म्हणजे परफॉर्मर्स राइट (कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क). तो पन्नास वर्षं टिकतो आणि गायनाच्या व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क त्यातून येतो. कलम 38बी खाली नाव लागण्याचा हक्कही आहे. तरी करारात लिहाच की व्हिडिओच्या शीर्षकात आणि स्ट्रीमिंग सेवांवर मुख्य कलाकार म्हणून नाव असेल. नाहीतर गाणं संगीतकाराच्या पानावर जातं आणि श्रोते तुमच्या पानावर येत नाहीत.

आवाजाच्या नकलेचं कलम आता सोडून चालत नाही. ‘नाव, छबी, आवाज आणि सदृश गोष्टी’ वापरण्याची परवानगी गाण्याच्या प्रसिद्धीपुरती ठेवा, आणि तुमचे रेकॉर्डिंग वापरून कृत्रिम आवाज तयार करण्यास किंवा तशा प्रणालीला शिकवण्यास मनाई लिहा. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगला एआय आवाजाच्या गैरवापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. पण तिथे परवानगी दिलेलीच नव्हती. तुम्ही सही करून दिली असेल तर बाजू लंगडी पडते.

समाजमाध्यमांची खाती आणि यूट्यूब चॅनल लेबलच्या ताब्यात देऊ नका. प्रसिद्धीसाठी हवं तर मॅनेजरची भूमिका द्या, मालकीची नको. तुमचा चॅनल कंटेंट आयडी या यूट्यूबच्या आपोआप क्लेम लावणाऱ्या प्रणालीतून वगळायची यादी करारासोबत जोडा, म्हणजे मंचावर गायलेल्या स्वतःच्याच गाण्याच्या व्हिडिओवर क्लेम येणार नाही. कार्यक्रमांच्या बिदागीतला वाटा मागितला तर तो लेबलने मिळवून दिलेल्या कार्यक्रमांपुरताच द्या. तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करण्यावरच्या बंदीलाही मुदत घाला. पाच वर्षं पुष्कळ झाली.

गायक अठरा वर्षांखालचा असेल तर

अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) व्यक्तीचा करार भारतात मुळातच रद्दबातल असतो. 1903 च्या मोहोरीबीबी खटल्यापासून हे ठरलेलं आहे. यावर काही पालक निर्धास्त होतात, पण ही धार दोन्ही बाजूंनी कापते. राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात अज्ञान अभिनेत्रीच्या वडिलांनी तिच्या वतीने निर्मात्याशी करार केला होता. निर्मात्याने तो मोडला, पण मुंबई उच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली नाही, कारण करारच ग्राह्य नव्हता. म्हणजे लेबल तुमच्या मुलाला बांधून ठेवू शकत नाही आणि तुम्हीही ठरलेले पैसे मागताना अडचणीत येता. यावर उपाय एकच: प्रत्येक गाण्याचे पैसे रेकॉर्डिंगच्या आधी किंवा त्याच दिवशी घ्या, लांबणीवरच्या हप्त्यांवर विसंबू नका. पालकांना स्वतःच्या नावाने हमीदार व्हायला सांगितलं जातं, तिथे सही करू नका.

चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांत दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही आणि कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करायचे आहेत. त्या खात्याचा क्रमांक करारातच लिहा. मुलग्याच्या बाबतीत आवाज फुटण्याच्या वयाचाही विचार हवा. बाराव्या वर्षी तीन वर्षांत पाच गाणी द्यायचं कबूल केलं तर मधल्या काळात गाता येईलच असं नाही. तो काळ मुदतीतून वगळा आणि उशिराबद्दल दंड नसल्याचं लिहा.

सहीच्या दिवशी आणि नंतर

वकील कॉपीराइट आणि करमणूक क्षेत्रातले करार करणाराच घ्या, आणि लेबलने सुचवलेला नको. त्याला पूर्ण मसुदा द्या, व्हॉट्सॲपवर आलेले मुद्दे नव्हेत. फोनवर कबूल केलेली प्रत्येक गोष्ट करारात आलीच पाहिजे, कारण ‘हा करार म्हणजेच संपूर्ण समझोता’ असं कलम आधीची सगळी बोलणी पुसून टाकतं. वाद कुठे चालणार आणि लवाद कोण नेमणार, हे वाचा. लवाद लेबलने एकट्याने नेमायचा असेल तर बदलून घ्या. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या करा आणि दोन्हीकडून सही झालेली प्रत त्याच दिवशी घरी न्या.

त्यानंतर गायक म्हणून इसाम्राचे सभासद व्हा. गायकांची ही कॉपीराइट सोसायटी 2013 मध्ये इस्रा या नावाने नोंदली गेली. शब्द किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचंही सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, कारण नुसतं सभासद झाल्याने पैसे येत नाहीत. प्रत्येक गाण्याचा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा कोड) लेबलकडून मागून घ्या. तुमच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. सेवांवर नाव दोन प्रकारे गेलं की दोन वेगळी कलाकार-पानं तयार होतात, श्रोते वाटले जातात, आणि ती पानं एकत्र करायला लेबलच्या डिस्ट्रिब्युटरमार्फतच (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) विनंती करावी लागते. हे प्रदर्शनाच्या दोन आठवडे आधी तपासलं तर एका ईमेलवर काम होतं.